पाठमोरं बोलायचं नाही

५ मार्च, मंगळवार

सूनबाई,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहितात. ते मी शेवटी लिहीन. आधी मला राग आला आहे, तो लिहून घेऊ दे.

पोरीचा पहिला वाढदिवस, घर पाहुण्यांनी भरलेलं, केक टेबलावर, आणि तू हातातला चहाचा ट्रे ठेवलास, पोरीला कडेवर घेतलंस आणि चालती झालीस! लोक माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी म्हटलं, पोरीला बरं वाटत नाहीये. एका वर्षाच्या लेकराच्या नावावर मी खोटं खपवलं, तेही तुझ्यापायी. आता तू थोरल्या बहिणीकडे जाऊन बसली आहेस. तुझा नवरा ऑफिसमधून सुटला की आधी तिकडे जातो, मग इकडे येतो आणि मान खाली घालून जेवतो. काल म्हणाला, "आई, नक्की झालं काय?" मी म्हटलं, "मला काय विचारतोस? बायकोला विचार." तर म्हणे, "ती म्हणते, काही नाही."

तू म्हणतेस काही नाही, मी म्हणते मला माहीत नाही. मग हे रामायण घडलं तरी कशावरून?

फोन केला तर तू उचलत नाहीस. तशी तू कधीच उचलत नाहीस. घरात असतानाही "आई, मेसेज करा ना" हेच तुझं पालुपद. मला त्या काचेवर बोट घासत बसता येत नाही, म्हणून कागद घेतला. तुझ्या नवऱ्याच्या डब्याच्या पिशवीत घालते आहे.

मी तुला काय कमी केलं ते एकदा सांगच. तू उठून टीव्हीचा आवाज कमी करायचीस. तेवढ्या आवाजात मला ढिम्म ऐकू येत नाही, तरी मी चकार शब्द काढला नाही. (काढला असेल एकदोनदा.) चारचौघांत बसायची वेळ आली की तुला खिडकीकडे पाठ करूनच बसायचं असायचं, त्यासाठी आलेल्या माणसाला उठवायलाही कमी करायची नाहीस. पाहुणे उंबरठा ओलांडतात न ओलांडतात तोच तू खोलीचं दार लावून आडवी. कपबशा कोण विसळणार? मी. एकेक गोष्ट तुला चार चार वेळा सांगायची, तू "हो हो" म्हणायचीस आणि भलतंच करून ठेवायचीस. हे सगळं मी मुकाट्याने सोसलं.

परवा ठेंगणी येऊन गेली. ठेंगणी म्हणजे माझी मागांच्या शेडमधली जुनी मैत्रीण, त्या दिवशी दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती ती. म्हणाली, "सुनेला म्हणावं, मनाला लावून घेऊ नकोस." मी म्हटलं, "काय मनाला लावून घेऊ नको?" तर चप्पल घालून निघाली.

आशीर्वाद शेवटी लिहीन म्हटलं होतं. पोरीला आशीर्वाद.

तुझी सासू


९ मार्च, शनिवार

सूनबाई,

उत्तर नाही. बरं. तुझा नवरा सांगत होता, तू पत्र दोनदा वाचलंस आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलंस. फाडलं असतंस तर मला बरं वाटलं असतं.

मागच्या पत्रात मी साळसूदपणाचा आव आणला. तो काही टिकेना. तेव्हा आता सरळ बोलते.

मी लग्नाआधीपासून कापडाच्या मागांच्या शेडमध्ये कामाला होते, हे तुला माहीत आहे. पण आम्ही तिथे बोलायचो कसं, ते तुला सांगितलं होतं का? तिथे एका ओळीत इतके माग खडखडत असायचे की शेजारणीने कानात ओरडलं तरी ऐकू येत नसे. मग आम्ही ओरडायचंच सोडून दिलं. आवाज काढायचा नाही, नुसतं तोंड हलवायचं, जरा मोठं, जरा सावकाश. समोरचीने ओठांकडे बघायचं. हात सुतात असले तरी गप्पा चालू. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा नवरा पिऊन आला, मुकादम कुणाच्या मागे मागे करतो, सगळं त्या खडखडाटात, शेडच्या या टोकापासून त्या टोकाला. मुकादमाला मात्र मिशा अशा दाट होत्या की त्याचं एक अक्षर कुणाला समजत नसे, आणि आम्ही ते कारण सांगून त्याची अर्धी कामं टाळायचो. नवी मुलगी आली की तिला पहिला नियम सांगायचा: पाठमोरं बोलायचं नाही. पाठ फिरवली की तू मेलीस आमच्यासाठी.

शेड बंद पडलं, पण ठेंगणी आणि मी अजून तसंच बोलतो. भर गर्दीत, ती त्या कोपऱ्यात, मी या कोपऱ्यात. कुणाला पत्ता लागत नाही. तुझ्या नवऱ्याला लहानपणी शिकवायला गेले तर तो जांभया द्यायला लागला. आमच्या घरात ही विद्या माझ्याखेरीज कुणाला येत नाही, असं मी धरून चालले होते.

त्या दिवशी मी ठेंगणीशी तुझ्याबद्दल बोलले. काय बोलले ते तुला माहीत आहे, मला पुन्हा लिहायला लावू नकोस. माझं वाक्य संपलं आणि ट्रे ठेवल्याचा आवाज झाला. तू दारापर्यंत गेलीस, वळलीस आणि भरल्या खोलीत माझ्याकडे बघून, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हणालीस, "मला दिसलं, आई."

कुणाला कळलं नाही. फक्त मला आणि ठेंगणीला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

पण मीही विचारते, सूनबाई. तुला हे येतं तर दोन वर्षं बोलली का नाहीस? आम्ही दोघी तुझ्यासमोर काय काय बरळलो असू, आणि तू आपली साधीभोळी होऊन भाजी निवडत बसायचीस! दुसऱ्याच्या तोंडातलं असं चोरून वाचायचं, याला काय म्हणतात? माझी चूक आहे, कबूल. पण थोडी तुझीही आहे.

सासू


१४ मार्च, गुरुवार

सूनबाई,

मागच्या पत्राचं शेवटचं वाक्य खोडून टाक. कात्रीने कापलंस तरी चालेल.

काल तुझ्या नवऱ्याने जेवताना ताट बाजूला सारलं आणि सांगितलं. पोरीच्या कानांची तपासणी झाली. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, यंत्र लावावं लागेल. मी म्हटलं, "अगं बाई! असं कसं झालं? आपल्या घरात तर कुणाला..." तो म्हणाला, "तिच्या आईला आहे. लहानपणापासून."

मी विचारलं, "कुणाच्या आईला?"

बघ, इतकी मी हुशार.

तो म्हणाला, तूच त्याच्याकडून शपथ घेतली होतीस, घरात सांगायचं नाही म्हणून. आधीच्या एका स्थळाने हे कळल्यावर नकार दिला होता. यंत्र केसांत लपवायचीस, पण आमच्या घरातल्या गोंगाटात ते सगळंच मोठं करायचं, टीव्ही, पंखा, नळ, भांडी, आणि त्यात माणसाचं बोलणं बुडून जायचं. म्हणून बरेचदा काढूनच ठेवायचीस. मग उरले ओठ.

तो बोलत होता आणि माझ्या डोळ्यांसमोरून एकेक जात होतं. खिडकीकडे पाठ करून बसायचीस ते उजेड आमच्या तोंडावर पडावा म्हणून. फोन नको, कारण फोनला तोंड नसतं. आणि मी! मी नळ सोडून, तुझ्याकडे पाठ करून, भांडी घासता घासता हुकूम सोडायचे, आणि तू ऐकलं नाहीस की कपाळाला हात लावायचे. शेडमध्ये नव्या मुलीला पहिल्या दिवशी जे सांगायचं, ते मी स्वतःच्या स्वयंपाकघरात रोज मोडत होते. अख्खा जन्म डोळ्यांनी ऐकण्यात गेला माझा. दुसरं कुणी नाही तर मी तरी तुला ओळखायला हवं होतं. माझ्याच जातकुळीचं माणूस माझ्या घरात वावरत होतं आणि मी त्याला शिष्ट म्हणत होते.

आता ते लिहायलाच हवं. पत्रात लपवून ठेवलं तर ते अजून वाईट होईल. ठेंगणीने विचारलं होतं, "नात हाकेला वळत नाही का ग?" आणि मी तोंड वेंगाडून म्हणाले, "आई मठ्ठ आहे, दगडाशी बोलल्यासारखं वाटतं. पोरगी बापावर गेली तर नशीब. आईवर गेली तर जन्मभर हाका मारत बसायचं."

आणि हसले. ते हसणंही दिसलं असेल तुला.

तेव्हा पोरीच्या तपासणीची तारीख तुझ्या हातात होती, असं काल कळलं. तू त्या भीतीत असताना पाहुण्यांना चहा देत फिरत होतीस. जीभ झडायला हवी होती माझी. पण मी तर जीभ वापरलीच नव्हती, नुसते ओठ.

एक गोष्ट अजून सांगायची आहे, आणि ती सगळ्यात लाजिरवाणी आहे. तुझ्या नवऱ्याने काल पुन्हा विचारलं, "आई, त्या दिवशी तू तिला काही बोललीस का?" मी घास तोंडात घातला. म्हटलं, "मी तिच्याशी बोललेच नाही." हे खरं होतं, आणि याहून मोठं खोटं मी आजवर बोललेले नाही. तू त्याला काही सांगितलं नाहीस. माझी अब्रू तू राखलीस, आणि मी त्याच अब्रूवर बसून जेवले.

मी


२२ मार्च, शुक्रवार

सूनबाई,

हे पत्र तुझ्या बहिणीच्या दाराखालून सरकवते आहे. डब्याची पिशवी आता आमच्याकडे नाही. का ते पुढे लिहिते.

सोमवारी मी पोरीची तपासणी झाली त्या कानाच्या दवाखान्यात गेले. म्हटलं, नातीशी कसं बोलायचं ते विचारून घ्यावं. तिथली बाई तरुण आहे, गोड आहे, पण वस्ताद. माझं अर्धं बोलणं ऐकून म्हणाली, "आजी, घरात टीव्ही मोठ्याने लावता का?" म्हटलं, "सगळेच लावतात." म्हणाली, "आधी तुमचेच कान बघू या."

जाड दाराच्या खोलीत बसवलं. समोर बसून ती एकेक शब्द म्हणायची, मी तो पुन्हा म्हणायचा. सगळे बरोबर आले. मी मनात म्हटलं, घे! मग तिने तोंडासमोर एक पुठ्ठा धरला आणि पुन्हा सुरू केलं. मी थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "अहो बाई, तोंडावरचं ते काढा ना. त्याशिवाय कसं ऐकू येणार?"

माझंच बोलणं मला ऐकू आलं.

पुढे तिने कानात गर्दीचा कलकलाट सोडला आणि त्यातून वाक्यं बोलली. पुठ्ठा बाजूला असला की निम्मीशिम्मी कळायची, पुठ्ठा आला की काहीच नाही. मी एखादा शब्द पकडायचा आणि बाकीचं वाक्य मनाने रचायचं. प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात, मग मागचंपुढचं धरून ठरवायचं. काही वेळाने मला घाम फुटला. मी "हो हो" म्हणायला लागले, सूनबाई. तिचं वाक्य संपलं की मान हलवायची आणि हसायचं. तिने सांगितलं, कान जे देत नाहीत ते डोकं जोडून घेतं, आणि जोडता जोडता दमतं. म्हणून गर्दीतून आलेल्या अशा माणसाला शांतता लागते, पण लोकांना तो आळस वाटतो. ती हे माझ्याबद्दल सांगत होती. मागांनी माझे कान कधीच खाऊन टाकले आहेत म्हणे.

म्हणजे घरातला तो सगळा गोंगाट माझ्यासाठी होता. मला ऐकू यावं म्हणून टीव्ही मोठा, मला ऐकू यावं म्हणून सगळे ओरडून बोलायचे, आणि त्यात तू बुडत होतीस. आणि मठ्ठ कोण, तर तू.

घरी आले आणि भर दुपारी खोलीचं दार लावून आडवी झाले. कपबशा तशाच पडून होत्या.

संध्याकाळी तुझा नवरा आला. मी टीव्ही बंद केला, त्याला उजेडात बसवलं आणि सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला, "दगड" सुद्धा. मला वाटलं होतं तो चिडेल, आदळआपट करेल. मी मनाची तयारी करून बसले होते. त्याने डब्याची पिशवी मांडीवरून खाली ठेवली. मग म्हणाला, "ती रोज डोकं धरून बसायची, आई. मी म्हणायचो, घरात सांगून टाक, आई समजून घेईल. शेडमधली आहे ती, तिला समजेल." एवढंच. मग उठून बॅग भरली. पिशवी, डबा, चार्जर. दारात थांबला, पण वळला नाही. पाठमोराच म्हणाला काहीतरी. मला ऐकू आलं नाही.

बुधवारी मी तुझ्या बहिणीच्या घरी आले होते. तिने दार अर्धंच उघडलं, "ती झोपली आहे" म्हणाली, आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी खाली उतरले आणि रस्ता ओलांडून टायरच्या दुकानासमोर उभी राहिले. वर बघितलं तर तू खिडकीत. तुझी आणि माझी नजरानजर झाली. मी तोंड उघडायच्या आत तू पाठ फिरवलीस.

बरोबर केलंस. नियम मीच सांगितला होता.


३१ मार्च, रविवार

सूनबाई,

काल जे झालं ते तुला माहीत आहे, तरी लिहिते. रस्त्याच्या या बाजूने ते कसं दिसलं, ते तुला माहीत नाही.

मी परवाही आले होते आणि तेरवाही. टायरवाला आता मला ओळखतो. काल त्याने स्टूल आणून दिलं आणि विचारलं, "आजी, कुणाची वाट बघताय?" त्याचं ते हवा भरायचं यंत्र धडधडत होतं, रस्त्यावर हॉर्नचा कल्ला, वरची खिडकी घट्ट बंद. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, इथून काय बोलणार? मला मात्र वाटलं, बोलायला याहून चांगली जागा नाही. शेडच होतं ते.

तू खिडकीत आलीस. खिडकीतल्या दोरीवरचे कपडे काढायला आली होतीस की मला बघायला, ते मी विचारत नाही. या वेळी पाठ फिरवली नाहीस. मी उन्हाकडे तोंड केलं, पदराने घाम पुसला आणि आवाज न काढता म्हणाले, "माझं चुकलं."

तू म्हणालीस, "परत सांगा."

मी परत सांगितलं. तू मान तिरकी केलीस, "परत." मधून एक ट्रक गेला. तो जाईपर्यंत मी तोंड उघडंच ठेवलं होतं, माशी जायची. तिसऱ्यांदा सांगितलं. तू म्हणालीस, "अजून एकदा." मी चौथ्यांदा सांगितलं, आणि तेव्हा मात्र मला रडू फुटलं. रडताना ओठ वेडेवाकडे होतात, काही दिसलं नसेल तुला. तुला खरंच कळत नव्हतं, की मुद्दाम तू मला मोजून चार वेळा सांगायला लावलंस, हे मला ठाऊक नाही. ठाऊक करून घ्यायचंही नाही. दोन्ही तुझा हक्क आहे.

मग तू आत गेलीस. मला वाटलं, झालं, संपलं. स्टूल परत करायला उठले तर टायरवाला म्हणाला, "आजी, वर बघा."

तू पोरीला घेऊन उभी होतीस. तिच्या कानामागे ते नवं यंत्र, गुलाबी रंगाचं. ती काचेवर बोटं उमटवत भलतीकडे बघत होती. तू तिच्या गालाला हात लावलास, तिचं तोंड माझ्याकडे वळवलंस आणि मला म्हणालीस, "आता हिच्याशी."

काय बोलायचं? जिच्याबद्दल मी तसं बोलले, तिच्याशी तोंड उघडायची मला भीती वाटली. शेवटी घरात म्हणायचे तेच म्हटलं. ओठ मोठे केले, सावकाश, आवाज अजिबात न काढता: "चिमणे, ये."

तिने माझ्या तोंडाकडे टक लावून बघितलं. आणि दोन्ही हात पुढे केले, कडेवर घ्या म्हणून.

एकाच हाकेत, सूनबाई.

तू ते बघितलंस आणि मला बघितलंस. तू हसली नाहीस. मी ते मागतही नाही. तुझा नवरा मागे येऊन उभा राहिला, त्यानेही पाहिलं. मग तू पडदा ओढलास, पण सावकाश ओढलास.

घरात आता टीव्ही बंद असतो. माझंही यंत्र ठरलं आहे, पुढच्या आठवड्यात मिळेल. नळाखाली उभं राहून बोलायची सवय मोडते आहे, पण घरात आहे कोण बोलायला? ठेंगणी येते. तिला मी सांगून टाकलं, यापुढे जे बोलायचं ते आवाज काढून बोलू. तिला फारसं आवडलं नाही.

आशीर्वाद पहिल्या पत्रापासून राहिला आहे. तुला आशीर्वाद देण्याइतकी मोठी मी सध्या नाही, म्हणून नमस्कार लिहिते.

उद्या संध्याकाळी येते. जिना चढू, की खालीच उभी राहू, तेवढं खिडकीतून सांग. मला दिसेल.

चिमणीची आजी